स्वस्त यंत्राचा पत्ता : भिवंडी

(ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते यांजकडून)



गेली तीन-चार वर्षे आपल्या गट कार्यालयात एक नवेच काम वाढले आहे. सभासद येतात ते लागणीची नोंद द्यायला, बेणे मागायला किंवा तोडणीचा नंबर विचारायला. पण हातात पोते असते आणि पोत्यात बंद पडलेले यंत्र. कोणाचे गवत कापायचे, कोणाचे ग्राइंडर, कोणाचे बॅटरीवरचे ड्रिल. "साहेब, एवढं बघा की. दोन महिने झाले घेऊन, आता फिरतच नाही." बेणे-खताच्या माणसाने यंत्रात काय बघावे हा प्रश्न खराच, पण ज्याच्या नावापुढे अधिकारी लागते त्याला सगळे येते अशी आपल्याकडे समजूत आहे. खोके उलटून पाहावे तर वर मोठ्या अक्षरांत इंग्रजी नाव, खाली बारीक अक्षरांत 'मेड इन चायना', आणि बाजूला डकवलेल्या चिठ्ठीवर पत्ता : तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे.

मग पुढचा प्रश्न ठरलेला. "भिवंडीला यांचा कारखाना आहे ना? तिथं नेऊन दिलं तर दुरुस्त होईल?"

पुष्कळ सभासदांनी हा प्रश्न विचारला, म्हणून त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहितो.

भिवंडीत या यंत्रांचा कारखाना नाही. तेथे आहेत ती गोदामे. मुंबई-नाशिक रस्त्यावर माणकोली नाक्यापासून आत वळले की दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर ही गावे लागतात. एके काळची भातशेतीची ही गावे. आता मैलोगणती पत्र्याच्या छपरांची गोदामे आणि त्यांसमोर ट्रकांच्या रांगा. ही गोदामे येथेच का आली याचे कारण जकात. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल नेला की जकात भरावी लागे. भिवंडी शहराबाहेरची ही गावे ग्रामपंचायतींची. तेथे माल उतरवून ठेवायचा आणि गिऱ्हाईक मिळेल तसा आत न्यायचा, हा हिशेब व्यापाऱ्यांना परवडला. १९८९ साली न्हावा शेवा बंदर सुरू झाले, तेथला मालही या बाजूला येऊ लागला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू होऊन मुंबईची जकात संपली, तरी गोदामे हलली नाहीत, उलट वाढली. कारण प्रत्येक राज्यात लहान गोदाम ठेवण्याची गरज संपली आणि मोठ्या कंपन्यांनी मोक्याच्या जागी थोरली गोदामे घेतली. आज मोबाईलवर बोट दाबून मागवलेला कितीतरी माल या चार-सहा गावांतून महाराष्ट्रभर जातो.

यंत्र मात्र तयार होते चीनमध्ये. तिकडच्या झेजियांग प्रांतात योंगकांग नावाचे शहर आहे. आपल्याकडे इचलकरंजीला कापड तसे त्या गावाला लोखंडी सामान आणि हातयंत्रे. एकाच साच्यातून निघालेले ग्राइंडर दहा नावांच्या दहा खोक्यांत भरले जाते. मागवणारा सांगेल ते नाव, सांगेल तो रंग. म्हणून एका सभासदाचे नारिंगी आणि दुसऱ्याचे हिरवे यंत्र आतून सख्खे भाऊ निघतात. आपल्या देशाने २००१ च्या १ एप्रिलपासून आयातीवरची उरलीसुरली परवान्यांची बंधने उठवली आणि तेव्हापासून हा माल उघड दाराने येऊ लागला. त्यापूर्वी मुलुंडच्या रॅलीवुल्फचे ड्रिल ज्या वर्कशॉपमध्ये असे त्याचा गावात दरारा असे. आपला देश यात मागे राहिला हे मान्य केले पाहिजे. निती आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये या धंद्यावर अहवाल काढला, त्यानुसार विजेवर व बॅटरीवर चालणाऱ्या हातयंत्रांच्या जगाच्या व्यापारात भारताचा वाटा एक टक्काही नाही.

गेल्या उन्हाळ्यात खात्याच्या कामाने मुंबईस जाणे झाले, तेव्हा एक दिवस काढून भिवंडीस जाऊन आलो. बरोबर एका सभासदाच्या गवत कापण्याच्या यंत्राचा कार्बोरेटर कागदात गुंडाळून घेतला होता. त्यातला रबरी पडदा, ज्याला डायफ्रॅम म्हणतात, ताठ होऊन वाकडा झाला होता. बोटाच्या दोन पेरांएवढी वस्तू. तिच्यावाचून सात हजारांचे यंत्र गोठ्यात पडून. खोक्यावरचा पत्ता विचारत गेलो. दारावर पहारेकरी, आत जायला मज्जाव. बऱ्याच वेळाने एक सुपरवायझर पोरगा बाहेर आला. बोलण्यावरून बीडकडचा निघाला. आईवडील अजून दर वर्षी कोयता घेऊन आपल्याच बाजूला तोडणीला येतात म्हणाला. त्याने चहा पाजला आणि सरळ सांगितले, "काका, इथं खोकं येतं आणि खोकं जातं. आत काय आहे ते आम्ही उघडून बघत नाही. पार्ट-बिर्ट इथं काही नसतं. परत आलेला माल एका कोपऱ्यात टाकतो, तो पुढं लॉटमध्ये विकला जातो."

पोरगा खरे बोलला. गोदामाचे काम साठवायचे आणि पाठवायचे. दुरुस्तीचा माणूस, सुटे भाग, हमीचा शिक्का यांपैकी काहीच तेथे नसते, आणि तसे असल्याचे त्यांनी कोणाला सांगितलेलेही नसते. पत्ता वाचून समज आपण करून घेतो.

तेथून भिवंडी शहरात गेलो. या शहराची खरी ओळख यंत्रमागांची. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले जुने माग येथल्या लोकांनी विकत घेतले आणि चालवले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर तर कापडाचे काम आणखीच इकडे वळले. अलीकडे धंदा बसला आहे, पुष्कळ माग भंगारात निघाले. तरीही जे चालू आहेत त्यांत कितीतरी साधे, जुन्या बांधणीचे माग आहेत. घरमालकाच्या वयाचा माग चालतो कसा, हे तिथल्या गल्लीतून फिरल्यावर कळते. धोटा, पिकर, गिअर, पट्टा, वाटेल तो भाग हाकेच्या अंतरावर मिळतो. लेथवाला शेजारी, सुतार पलीकडे आणि मागाचा आवाज ऐकून दुखणे सांगणारा जॉबर सांजसकाळ फिरतीवर. माग मोडला तर तासाभरात उभा राहतो. शहराबाहेर दोन कोसांवर नव्या कोऱ्या यंत्रांची लाखो खोकी आणि एका रबरी पडद्याला महाग, आणि इकडे आजोबांचा माग खडखड चालू. मला तरी त्या दिवशी भिवंडीत बघण्यासारखे हेच वाटले.

पडदा अखेर मिळाला तो मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर. दुकानदाराने खोक्यावरचे नाव ऐकूनही घेतले नाही. "नावावर जाऊ नका, भोकांतलं अंतर मोजा," म्हणाला, आणि मोजून दोन संच दिले. किंमत दोन चहा-वड्यांइतकी.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, साहेब स्वस्त माल घेऊ नका म्हणतात. तसे मी म्हणत नाही. अडीच एकरवाल्या सभासदाला गवत कापायचे तीस हजारांचे नावाजलेले यंत्र परवडत नाही, आणि बांध साफ करायला मजूर मिळत नाही ही वस्तुस्थिती आहे. सात-आठ हजारांत यंत्र आले म्हणूनच त्याच्या घरी यंत्र आले. वर्षातून आठ-दहा दिवस बांध कापायचा, चार वेळा ठिबकच्या पाइपला भोके पाडायची, कधी गोठ्याचा अँगल कापायचा, एवढ्यासाठी स्वस्त यंत्र पुरते. माझ्या पाहण्यातली अशी कितीतरी यंत्रे पाच-पाच वर्षे चालू आहेत. मोडतात ती गावभर भाड्याने फिरवलेली. हजार-बाराशेच्या ग्राइंडरवर वेल्डिंगचे दुकान टाकायचे आणि मग माल हलका म्हणून बोंबलायचे, यात यंत्राचा काय दोष? ग्राइंडरच्या पट्टीवर काही वेळा 'एस २' आणि पुढे मिनिटे छापलेली असतात. त्याचा अर्थ एवढी मिनिटे चालवा, मग निवू द्या. सतत चालणाऱ्या यंत्रावर 'एस १' असते. ही पट्टी कोणी वाचत नाही.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांकडे मात्र सगळ्यांचे लक्ष जाते, आणि फसगत तिथेच होते. बॅटरीच्या ड्रिलवर, फांद्या छाटायच्या छोट्या करवतीवर '८८ व्हीएफ', '१२८ व्हीएफ' असे लिहिलेले असते. सभासद समजतो १२८ व्होल्ट. ते नुसते मॉडेलचे नाव. बॅटरी उघडली तर आत बहुधा बोटाएवढे पाच सेल निघतात. एक सेल ३.६ व्होल्टचा, पाच मिळून १८. पूर्ण भरल्यावर २१. व्होल्टपुढे 'व्हीएफ' अशी शेपटी दिसली की आकडा विसरावा आणि सेल किती व किती अँपिअर-तासांचे एवढे विचारावे. गवत कापायच्या यंत्रावर '५२ सीसी' लिहिलेले असते; ते तसेच असेल असे धरून चालू नये. सुटा भाग घेताना यावरूनच घोटाळा होतो, म्हणून जुना भाग हातात घेऊन दुकानात जावे. 'सीई' या अक्षरांनाही भुलू नये. ती युरोपच्या बाजारासाठी बहुतेक मालावर बनवणाऱ्याने स्वतःच लावायची खूण आहे. आपल्याकडच्या आयएसआयसारखा तो दर्जाचा परवाना नाही.

विजेच्या यंत्रांचे मरण पुष्कळदा आपल्याच वायरीत असते. विहिरीवरच्या स्टार्टरपासून साठ-सत्तर मीटर बारीक वायर ओढायची, आधीच दाब कमी, त्यात वायरीत आणखी उतरणार. ग्राइंडरची गती मंदावते, तसा आतला पंखाही मंद फिरतो, आपण जोर देऊन दाबतो आणि आर्मेचर जळते. जाड वायर वापरावी आणि यंत्र गुरगुरायला लागले की हात सैल करावा. चपट्या पिनांचा प्लग असेल तर मधे जोड लावून भागवू नये. वायरमनकडून आपल्या तीन गोल पिनांचा बसवून घ्यावा. यंत्राच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी वेष्टणाचे, त्याला अर्थिंग लागत नाही. खूण नसेल आणि बाहेरून धातूचे असेल तर अर्थिंगवाचून ओल्या फडात ते हातात घेऊ नये. मोटारीच्या पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला तर पंप, यंत्र आणि माणूस तिन्हींचे भले.

आता आपल्या घरची गोष्ट. देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० चे होते, ते २०२५ मध्येच गाठले गेले. त्यातला काही वाटा तुमच्या-आमच्या उसाचा आहे (मक्याचाही आता मोठा आहे, ते असो). उसाला दर मिळायला त्याने हातभार लावला, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि जुन्या धाटणीच्या रबराला मानवत नाही. स्वस्त दोन-स्ट्रोक यंत्रातला पडदा, तेलाची नळी, हाताने दाबायचा फुगा हे भाग बहुतेक अशाच रबराचे असतात. पावसाळ्यात बांध कापून टाकीत अर्धा लिटर मिश्रण तसेच ठेवले आणि दिवाळीनंतर दोरी ओढायला गेले की यंत्र मेलेले. मी मुंबईला नेलेला कार्बोरेटर असाच गेला होता. म्हणून मिश्रण त्या दिवसापुरते करावे. पुस्तिकेत २५ ला १ सांगितले असेल तर लिटरला ४० मिली तेल, ५० ला १ असेल तर २० मिली. अंदाजाने टोपण ओतू नये. काम संपले की टाकी रिकामी करावी आणि यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करावा, मग ठेवावे. पाच मिनिटांचे काम आहे.

आणि एक गोष्ट कडक शब्दांत सांगायची आहे. मागच्या हंगामात आपल्या कार्यक्षेत्रात एका तरुण पोराची मांडी चिरली. चार इंची ग्राइंडरला त्याने लाकूड कापायचे दातेरी पाते लावले होते आणि मोठे पाते बसावे म्हणून वरचे झाकण काढले होते. दात लाकडात अडकला, यंत्राने उसळी मारली. वेळेवर टाके पडले म्हणून पोरगा वाचला, अजून लंगडतो. त्याच्या घरच्यांनी हे छापायला परवानगी दिली, एवढ्यासाठी की दुसऱ्या कोणी तसे करू नये. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेते. चांगल्या कंपनीच्या १०० मिलिमीटरच्या कापायच्या चकतीवर १५ हजारांच्या पुढचा आकडा छापलेला असतो, म्हणजे तिला ही गती झेपते. सात इंची, म्हणजे १८० मिलिमीटरच्या चकतीवर साडेआठ हजार असतो. दुकानातून झिजलेली सात इंची चकती आणून चार इंची यंत्राला लावणारे महाभाग आपल्यात आहेत. ती फुटली तर तुकडा गोळीसारखा येतो. चकतीच्या मधल्या पत्र्याच्या कडीवर महिना-वर्ष असते; ती मुदत गेलेली चकती, कितीही नवी दिसली तरी, टाकून द्यावी. झाकण काढू नये आणि ग्राइंडरला लाकडाचे पाते लावू नये. गवत कापताना पंधरा मीटरच्या आत दुसरे कोणी, विशेषतः पोरे, नसावीत. खोडव्याच्या बुडख्यांत लोखंडी पाते घालताना खडे उडतात, डोळ्याला चष्मा पाहिजेच. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये, आणि पाचटाच्या गंजीजवळ तर मुळीच नाही.

खरेदीविषयी थोडे. यंत्र घरी आले की त्याच दिवशी खोके उघडावे आणि उघडताना पोराला मोबाईलवर चित्रण करायला सांगावे. परत करायची मुदत बहुधा सात-दहा दिवसांची असते, आणि आपण दसऱ्याला पूजा करून चालू करू म्हणून ती घालवतो. खोके फेकू नये. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे त्यावर आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता, कोणत्या देशाचा माल, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. गोदामाचा, विकणाऱ्याचा आणि आयातदाराचा पत्ता हे तीन वेगळे असू शकतात. हमीसाठी आधी विकणाऱ्याला आणि आयातदाराला गाठायचे, गोदामाला नाही. ज्या खोक्यावर आयातदाराचे नावच नाही ते निम्म्या किमतीतही घेऊ नये. तालुक्याच्या मैदानावर मांडव टाकून आठवडाभर 'बंदरातला माल' म्हणून विकणाऱ्यांकडून बिल मागावे. बिल देत नसेल तर पुढे चालावे.

बिल असेल तर दाद मागता येते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तेथे मराठीतून बोलता येते. तेथे न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यासाठी भिवंडीला किंवा मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी फी नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही.

सरकारी अनुदान हवे असेल त्याने आधी मोबाईलवर यंत्र मागवू नये. महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करावी लागते, आणि यंत्राला मध्य प्रदेशातील बुदनीसारख्या मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी अहवाल असावा लागतो. यंत्र आधी घेऊन बिल नंतर जोडण्याचा प्रयत्न काहींनी केला. ते अर्ज बसले नाहीत.

राहता राहिले सुटे भाग. गट कार्यालयांत आलेल्या बंद यंत्रांचा हिशेब मी ठेवला आहे. बहुसंख्य यंत्रे कार्बन ब्रश, स्विच, चालू करायची दोरी-स्प्रिंग, कार्बोरेटरचा पडदा किंवा प्लग यांपायी पडून होती. या पाच-सहा वस्तू घरोघर लागतात आणि गावात मिळत नाहीत. एकेकट्याने नागदेवीला जाणे कोणालाच परवडणार नाही. पण चारशे यंत्रांचे भाग एकदम मागवले तर दरही उतरेल. तेव्हा ज्या सभासदांकडे असे यंत्र आहे त्यांनी आपल्या गटाच्या चिटबॉयकडे यंत्राचा प्रकार आणि जुना कार्बन ब्रश मोजून त्याची लांबी, रुंदी, जाडी मिलिमीटरमध्ये लिहून द्यावी. यादी झाली की कारखान्याच्या स्टोअरमधून हे भाग मूळ किमतीत ठेवण्याविषयीचा प्रस्ताव शेतकी खात्यामार्फत संचालक मंडळापुढे ठेवण्यात येईल. नागदेवीहून आणलेल्या पडद्यांच्या दोन संचांपैकी एक अद्याप माझ्या टेबलाच्या खणात आहे. ज्यांच्या कार्बोरेटरला तो बसेल त्यांनी जुना पडदा घेऊन यावे आणि मोजून न्यावा.